बाबासाहेबांचे आजारपण आणि आपल्या कामगाराची रजा

नागपुरातल्या आमच्या एका मित्राचे फ्लेक्स छपाईचे दुकान आहे. मालक धरून सात माणसे. सगळी आपल्याच वस्त्यांमधली. मार्च-एप्रिल हा त्यांचा खरा हंगाम, कारण जयंतीचे बॅनर, कमानी, पत्रके याच दोन महिन्यांत निघतात. गेल्या वर्षी नेमक्या या दिवसांत मशीन चालवणारा मुलगा वारंवार गैरहजर राहू लागला. दोन दिवस येई, एक दिवस गायब. फोन केला तर तब्येत बरी नाही, एवढेच उत्तर. मित्राने आम्हाला विचारले, याला काढून टाकू का? आणि विचारताना त्याने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे हात केला. हा माणूस आजारी असतानाही अठरा अठरा तास काम करायचा, आणि याला साधा ताप सहन होत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

अठरा तास हा आकडा आपल्या समाजात सर्वांना पाठ आहे. जयंतीच्या आठवड्यात शाळा-महाविद्यालयांत, विहारांत अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात आणि ते व्हावेतच. पण हाच आकडा मालकाच्या हातातली छडी झाल्याचे आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मित्राला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. मग आम्ही बाबासाहेबांचे आयुष्य पुन्हा एकदा वाचायला घेतले. त्यात आम्ही एवढेच शोधत होतो की त्यांच्या आयुष्यात आजारपण कुठे कुठे आले, आणि दुसऱ्याच्या आजारपणाबद्दल हातात सत्ता आल्यावर त्यांनी काय केले.

आजारपण आणि मरण त्यांच्या घरात जन्मापासूनच होते. 14 एप्रिल 1891 ला महू येथे ते जन्मले, तेव्हा ते रामजी आणि भीमाबाईंचे चौदावे अपत्य होते. त्या चौदांपैकी जगली मोजकीच. आई गेली तेव्हा भीम जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीत राहू लागले. परळ म्हणजे गिरण्यांचा भाग. भोंग्यावर उठणारी, भोंग्यावर जेवणारी माणसे चाळीच्या जिन्यावरून रोज उतरत-चढत. कामगाराचा खोकला हा त्यांनी पुस्तकात वाचलेला विषय नव्हता. तो भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

नोकरी आणि आजारपण यांची पहिली गाठ त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात 1913 च्या जानेवारीत पडली. बी.ए. होऊन ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले होते. काही दिवसच झाले असतील, तोच वडील आजारी असल्याची तार आली. ते तडक निघाले. वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. 2 फेब्रुवारी 1913 ला रामजी सुभेदार गेले. मुलाची वाट पाहत त्यांनी प्राण धरून ठेवला होता, असे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, ती पितृप्रेमाची म्हणून. आम्हाला यावेळी तिच्यात आणखी एक गोष्ट दिसली. नव्या नोकरीतला एक तरुण घरच्या आजारपणासाठी काम सोडून धावला आणि पुन्हा त्या खुर्चीवर लगेच बसला नाही. आज आपल्या दुकानात रुजू होऊन महिनाही न झालेला मुलगा असा निघाला, तर त्याच्याबद्दल आपण काय बोलू, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

त्यानंतर कोलंबिया, लंडन, पुन्हा बडोदा, तिथला अपमान, सिडनहॅम कॉलेज, पुन्हा लंडन. हा प्रवास वाचकांना तोंडपाठ आहे, म्हणून तो इथे विस्ताराने सांगत नाही. पण त्या वर्षांत परळच्या खोलीत काय चालले होते, ते मात्र सांगायला हवे. रमाईंच्या पाच मुलांपैकी यशवंत तेवढा वाचला. गंगाधर, रमेश, इंदू ही लेकरे गेली आणि 1926 च्या जुलैत राजरत्नही गेला. रमाईंची स्वतःची प्रकृती ढासळत राहिली. 27 मे 1935 ला दादरच्या राजगृहात त्यांनी शेवटचा श्वास घेतला. औषधाला पैसा नसणे, पैसा आला तेव्हा उशीर झालेला असणे, आणि घरातल्या कर्त्याला कामातून उसंत नसणे, या तिन्ही गोष्टी त्या घराने भोगल्या होत्या.

आता गिरणीकडे वळू. मुंबईच्या गिरण्यांत आजारी कामगाराचे काय होई? त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. रोज सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाल्यांचा घोळका जमे. आत कोण आले नाही हे पाहून जॉबर त्यातून माणसे निवडी. ज्याला घेतले त्याची त्या दिवसाची चूल पेटे, बाकीचे परत. म्हणजे एकाचे आजारपण हीच दुसऱ्याची भाकरी. मालकाला ही व्यवस्था फार सोयीची होती. मशीन थांबत नाही, आजाऱ्याला पगार द्यावा लागत नाही, आणि बाहेर उभा असलेला घोळका पाहून आतला माणूस अंगात ताप असला तरी कामावर येतो. जॉबरचा हात ओला केला नाही तर बरा होऊन परतलेल्यालाही जागा मिळेलच याची खात्री नाही. अस्पृश्य कामगाराची अवस्था याहून वाईट. चांगल्या मजुरीच्या विणकाम खात्यात त्याला शिरकावच नव्हता, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. कामगार कामगार भाऊ भाऊ असे म्हणणाऱ्यांना तो रुचला नाही, पण त्यांनी तो सोडला नाही.

त्याच 1928 च्या 28 जुलैला मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर चर्चा झाली. गिरणीतल्या बाईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर काही आठवडे विश्रांती आणि त्या काळात भत्ता, असा त्याचा आशय होता. मालकांच्या बाजूने नेहमीचा आक्षेप आला, की हा बोजा उद्योगावर का? बाबासाहेबांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचा युक्तिवाद नीट पाहण्यासारखा आहे, कारण तो भावनेचा नाही, हिशेबाचा आहे. आईला विश्रांती मिळणे ही राष्ट्राची गरज आहे, म्हणून या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. पण मालक बायकांना कामावर ठेवतो तो त्यात फायदा दिसतो म्हणून ठेवतो. मग फायदा घेणाऱ्याने काही अंशी भारही घेतला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या वर्षी, 1929 मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

इथे एक धागा हाती लागतो. शरीर थकते, आजारी पडते, बाळंत होते. हा कामगाराचा दोष नाही आणि एकट्या मालकाचा दोषही नाही. मग त्याचा खर्च कोणी एकट्याने का सोसायचा? तो वाटला पाहिजे. हा विचार त्या भाषणात बीजरूपाने आहे आणि चौदा वर्षांनी सत्ता हातात आल्यावर तोच पुन्हा वर येतो.

1936 ला स्वतंत्र मजूर पक्ष निघाला, 1938 च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, आणि 1942 च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. 1946 च्या जूनपर्यंत ते या पदावर होते. युद्धाचा काळ. सरकारला उत्पादन हवे होते, मालकांना नफा हवा होता, आणि कामगार कारखान्यातून गैरहजर राहतो ही तक्रार दोघांची होती. गैरहजेरीवर उपाय म्हणून धाक, दंड आणि बदली या तीन गोष्टी हाताशी होत्याच. बाबासाहेबांच्या खात्याने वेगळी वाट धरली.

1943 च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनने 1931 च्या अहवालात आजारपणाच्या विम्याचा विषय काढला होता, पण बारा वर्षे तो कागदावरच पडून होता. आडारकरांनी 15 ऑगस्ट 1944 ला अहवाल दिला. योजना सुरुवातीला कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या उद्योगांपुरती होती. तिचे तत्त्व साधे होते. मालक आणि कामगार दोघांनी थोडे थोडे पैसे एका निधीत टाकायचे. कामगार आजारी पडला की त्याला औषधोपचार आणि पगाराच्या बदल्यात रोख रक्कम त्या निधीतून मिळायची. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी ती तपासली, तिच्यात सुधारणा झाल्या, 1946 च्या नोव्हेंबरात विधेयक आले आणि 1948 च्या एप्रिलमध्ये राज्य कर्मचारी विमा कायदा झाला. म्हणजे आज आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो तो.

आपल्या भाषणांत ई.एस.आय. बाबासाहेबांनी एकट्याने आणला असे सर्रास सांगितले जाते. ते तसे नाही आणि तसे सांगण्याची गरजही नाही. विधेयक आले तोवर मजूर खाते त्यांच्याकडे राहिले नव्हते. योजना आडारकरांनी आखली. 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूरला ती प्रत्यक्ष सुरू झाली तेव्हा बाबासाहेब मंत्रिमंडळातूनही बाहेर पडले होते. पण बारा वर्षे धूळ खात पडलेला विषय टेबलावर आला आणि त्याचा पाया घातला गेला तो त्यांच्या कारकिर्दीत. एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे.

त्यांच्याच काळात, 1945 मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची आणि बाल कामगाराला चौदा दिवसांची भरपगारी सुटी मिळाली. आकडा आज लहान वाटतो. आमचे लक्ष त्यातल्या दुसऱ्याच तरतुदीकडे गेले. वर्षभर सलग काम म्हणजे काय? मधे आजारी पडले तर वर्ष तुटले असे मालक म्हणणारच. कायद्याने ठरवले की आजारपण, अपघात आणि मंजूर रजा मिळून नव्वद दिवसांपर्यंत खंड पडला, तरी नोकरी सलगच धरायची. आजारी माणूस नोकरीतून वजा होत नाही, हे त्या एका कलमात आले. त्यानंतरच्या वर्षी कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला चोपन्नवरून अठ्ठेचाळीसवर आले. स्वतः दिवसाला अठरा तास काम करणाऱ्या माणसाच्या खात्याने दुसऱ्यांसाठी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरवला, यात विसंगती नाही. स्वतःच्या शरीराकडून काय मागायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले होते. दुसऱ्याच्या शरीराकडून किती मागायचे, याला त्यांनी कायद्याची मर्यादा घातली.

सगळेच उजळ होते असे मात्र नाही. 1943 मध्ये कोळशाच्या तुटवड्यामुळे सरकारने बायकांना खाणीत भूगर्भात काम करण्यावरची बंदी उठवली, तीही त्यांच्याच खात्याच्या काळात. देशभर टीका झाली, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. डिसेंबर 1943 मध्ये ते स्वतः धनबादच्या भागात जाऊन खाणीत उतरले, कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. जानेवारी 1944 मध्ये कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. बायकांवरची बंदी पुन्हा लागू व्हायला मात्र फेब्रुवारी 1946 उजाडला. युद्धकाळातल्या सरकारमध्ये राहून काम करण्याची ती किंमत होती. ती त्या खाणीतल्या बायांनी मोजली, हे आपण लपवू नये.

या सगळ्या वर्षांत त्यांचे स्वतःचे शरीर पोखरले जात होते. मधुमेह जडला होता, रक्तदाब होता, पायांच्या नसांच्या दुखण्याने रात्र रात्र झोप येत नसे. 29 ऑगस्ट 1947 ला घटनेची मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. समितीत सात माणसे. त्यांचे काय झाले ते टी. टी. कृष्णमाचारी यांनी 5 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत सांगितले. एकाने राजीनामा दिला, एकाचे निधन झाले, एक अमेरिकेत होते, एक संस्थानी कारभारात गुंतलेले, आणि एक-दोघे दिल्लीपासून दूर, बहुधा प्रकृतीमुळे येऊ न शकणारे. शेवटी सगळा भार एकट्या आंबेडकरांवर पडला. हे भाषण आपण दरवर्षी 26 नोव्हेंबरला अभिमानाने सांगतो. पण त्यात आणखीही काही आहे. सात जणांच्या छोट्या कार्यालयात बहुतेक माणसे या ना त्या कारणाने गैरहजर, आणि जो हजर आहे तो स्वतः आजारी. काम पूर्ण झाले. पण त्याची किंमत त्या हजर माणसाच्या पायांनी, डोळ्यांनी आणि हृदयाने चुकवली. मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये सादर झाला तेव्हा त्यांची प्रकृती इतकी खालावली होती की कोणीतरी सतत जवळ असण्याची गरज होती. मुंबईला डॉ. मालवणकरांकडे उपचार चालू असताना डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली होती. 15 एप्रिल 1948 ला दिल्लीत विवाह झाला आणि त्या माईसाहेब झाल्या. त्याच महिन्यात विमा कायदा मंजूर झाला.

त्या मसुद्यातून जी घटना झाली, तिच्या एक्केचाळिसाव्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि अपंगत्व या अवस्थांत नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे असे म्हटले आहे. शासनाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पुस्ती आहे आणि न्यायालयात दाद मागता येत नाही. तरीही आजारपण हा शब्द देशाच्या घटनेत आहे.

1951 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीची चिंता वाटते, डॉक्टर उपचारांसाठी विश्रांती घ्यायला सांगत आहेत, त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, अशी त्यांची विनंती होती. बिल मार्गी लागले नाही. 27 सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. तो प्रकृतीमुळे दिला असे कोणी म्हणू नये, म्हणून आपल्या निवेदनात त्यांनी आजारपणाचे कारण स्पष्टपणे नाकारले. दुखण्यापायी कर्तव्य टाकणारा आपला स्वभाव नाही, असा त्यांचा आशय होता. आमचा मित्र भिंतीवरच्या फोटोकडे हात करून जे म्हणाला, त्याला आधार शोधायचाच तर तो इथे सापडेल. पण हे ते स्वतःबद्दल बोलत होते. कोणत्याही गिरणी कामगाराला, कोणत्याही खाणीतल्या बाईला त्यांनी ही कसोटी लावली नाही. त्यांच्यासाठी त्यांनी रजा लिहिली.

शेवटची वर्षे 26 अलीपूर रोडच्या बंगल्यात गेली. नजर मंदावली होती, आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते, श्वास लागे. दिवसा सरकारी नोकरी करून नानकचंद रत्तू संध्याकाळी तिथे येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करीत. बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ असा तयार झाला. या ग्रंथात बुद्धांच्या रुग्णसेवेवर एक प्रकरण आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा राहिला नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले, आणि मग संघाला जाब विचारला. स्वतः पाय ओढत चालणाऱ्या माणसाने ही कथा निवडून ग्रंथात घेतली, हे वाचताना आम्ही बराच वेळ थांबलो. उपयोगाचा नाही म्हणून आजाऱ्याला टाकून देणे, ही मानवी संस्थांची जुनी सवय दिसते.

विनयातल्या याच प्रसंगापाशी आजाऱ्याचीही जबाबदारी सांगितली आहे. पथ्य न पाळणारा, औषध न घेणारा, सेवा करणाऱ्याला दुखणे खरे काय ते न सांगणारा रुग्ण सांभाळायला अवघड, असे तिथे म्हटले आहे. आमच्या मित्राच्या दुकानातला पेच नेमका हाच होता. मुलगा काय होते ते सांगत नव्हता.

आम्ही मित्राला सुचवले की काढण्याआधी एकदा त्याला दुकानाबाहेर, चहाच्या टपरीवर ने आणि विचार. रागाने नको, चौकशी म्हणूनही नको. दोन बैठकांनंतर मुलगा बोलला. त्याला सिकलसेल आहे, एसएस. थंडीत, पाणी कमी पडले की, जागरण झाले की सांधे आणि पाठ असह्य दुखते. आठवीत असताना निदान झाले होते, पण आईने कुणाला सांगू नको म्हणून बजावले होते. आधी लग्नाच्या भीतीने आणि मग नोकरीच्या.

विदर्भात नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल आदिवासींइतकाच आपल्या समाजातही आहे, हे आता कुणापासून लपलेले नाही. तरी आपल्या वस्त्यांत तो लपवला जातो. फ्लेक्सचे मशीन वातानुकूलित खोलीत असते. मुलगा तासन् तास त्या गारठ्यात उभा, हंगामात रात्रपाळी, वारंवार लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचा. म्हणजे आजार त्याचा होता, पण झटके बऱ्याच अंशी दुकानात तयार होत होते. हे कळल्यावर मित्राने जे केले ते फार खर्चाचे नव्हते. मुलाला रात्रपाळीतून काढून डिझाइनच्या टेबलावर बसवले, शेजारी पाण्याची बाटली ठेवली, आणि त्याला मशीनचे काम दुसऱ्या एकाला शिकवायला लावले. मशीन एकाच माणसावर चालते, ही चूक मालकाची होती. मुलगा सरकारी दवाखान्यात जाऊन हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेऊ लागला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही त्याला ठाऊक नव्हते. प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला आम्हीच सोबत गेलो.

रजेचा प्रश्न मात्र सगळ्यांचा होता. ई.एस.आय. दहा किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी लागू होतो आणि 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना मिळतो. मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का भरायचे. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या सत्तर टक्के रक्कम निधीतून येते. माणूस आजारी आहे की नाही हे योजनेचा डॉक्टर ठरवतो, मालक नाही. 1948 च्या कायद्याने या काळात नोकरीवरून काढायलाही मनाई केली. आमच्या ओळखीत बारा-पंधरा माणसे ठेवणारे काही उद्योजक आहेत, जे हजेरीपटावर नऊच नावे दाखवतात. त्यातले दोन-तीन जण जयंतीच्या मंचावर सत्कार घेतात. त्यांना आम्ही हे तोंडावर सांगितले आहे, म्हणून इथेही लिहितो.

सात माणसांच्या दुकानाला हा कायदा लागत नाही. 2017 चा महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा आला तोही दहा किंवा अधिक कामगारांसाठी, आणि त्यात वर्षाला आठ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा आहे. मित्राने तेवढी तरी द्यायची म्हणून आठ दिवस धरले आणि आजारपणाचे सहा वेगळे जोडले. एक-दोन दिवसांसाठी डॉक्टरची चिठ्ठी मागायची नाही, कारण चिठ्ठीसाठी दवाखान्याचे दोन-तीनशे रुपये पदरचे जातात. तीन दिवसांवर गेले तर चिठ्ठी. सकाळी नऊच्या आत फोन करायचा, मग कारण विचारले जाणार नाही. शिवाय दरमहा दुकानाने पाचशे आणि प्रत्येक कामगाराने पन्नास रुपये एका डब्यात टाकायचे, लांबलेल्या दुखण्यासाठी. डब्याचा हिशेब कामगारांपैकीच एक जण ठेवतो. सुरुवातीला एकाने खोट्या रजा घेतल्याच. त्याला दुसऱ्या कामगारांनीच सुनावले, कारण डब्यात त्यांचेही पन्नास रुपये होते.

बाबासाहेब 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षाभूमीवर काठीच्या आधाराने उभे राहिले, दोन दिवसांनी चंद्रपूरला गेले, नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. दिल्लीला परतल्यावर 5 डिसेंबरच्या रात्री त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद पाहण्यासाठी मागून घेतले. रत्तू रात्री उशिरा घरी गेले. सकाळी त्यांना बोलावणे आले.

या एप्रिलमध्ये मित्राच्या दुकानात कमानीच्या फ्लेक्सचे काम नेहमीसारखेच दाटले होते. मुलगा तेव्हा चार दिवस आला नाही. मशीन दुसऱ्याने चालवले, एक ऑर्डर उशिरा गेली, एका मंडळाच्या अध्यक्षाने आरडाओरडा केला. पाचव्या दिवशी मुलगा आला, टेबलावर बसला आणि उरलेल्या पत्रकांची मुद्रिते तपासू लागला.